बेलिफाचा हिशेब कोण घेणार?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. ती चढण्याचे धैर्य करून आणि वर्षानुवर्षे तारखा मोजून ज्याने निकाल पदरात पाडून घेतला, त्याचे हाल तरी तेथे संपावेत, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. परंतु हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यानंतरच सुरू होतात, असा अभिप्राय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली दिला होता. त्यानंतर दीड शतक लोटले, परके राज्य गेले, स्वतःची राज्यघटना आली. तथापि तो अभिप्राय खोटा ठरविण्याचे भाग्य आपल्याला लाभलेले नाही. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकालात निघाली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली घातला आणि मार्च २०२५ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्व उच्च न्यायालयांकडून आलेले आकडे त्या न्यायालयापुढे मांडले गेले, तेव्हा देशात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती तुंबलेल्या आढळल्या. त्यांपैकी सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या महाराष्ट्रातील होत्या. या यादीत आपले राज्य पहिले आले, ही काही मिरविण्याजोगी गोष्ट नव्हे.

या विलंबाची कारणे अनेक आहेत. ऋणकोच्या हरकती, त्रयस्थांचे खरेखोटे हक्क, वरिष्ठ न्यायालयांच्या स्थगित्या यांची चर्चा नेहमी होते. परंतु एका कारणाचा उच्चार कोर्टाच्या आवारात सर्वत्र होत असूनही जाहीरपणे कोणी करीत नाही. न्यायाधीशाची आज्ञा ज्याच्या पायांनी चालत ऋणकोच्या दारी जाते, त्या बेलिफाच्या हाती पडणाऱ्या पैशांचे हे कारण होय.

वस्तुतः याबाबतीत कायदा संदिग्ध नाही. आदेशिका बजावण्याची फी ठरलेली असते, ती कोर्टात भरावयाची असते, आणि तिचे कोष्टक इंग्रजीत व स्थानिक भाषेत प्रत्येक न्यायालयात ठळकपणे लावले पाहिजे, असे १८७० च्या कोर्ट फी कायद्यानेच सांगून ठेवले होते. परंतु वॉरंट निघाल्यावर खर्चाची दुसरी यादी सुरू होते. गाडी करा, हमाल आणा, कुलूप तोडणारा पाहा, पंचांच्या चहापाण्याचे बघा. यांतील काही खर्च खरा असतो, काही फुगविलेला असतो आणि काही निव्वळ दक्षिणा असते. तिन्ही एकाच हाताने दिले जातात, एकाच खिशात जातात आणि त्यांची पावती कोणी देत नाही. पेशवाईत सरकारी प्यादा ज्याच्यावर धाडला जाई, त्याच्याकडूनच त्या प्याद्याचा खर्च वसूल केला जाई. त्यास ‘मसाला’ म्हणत. तो मसाला निदान उघड होता. आजच्या मसाल्याचा कोठेच उल्लेख नसतो, एवढाच फरक.

आणि हा मसाला एकाच बाजूने मिळतो असेही नाही. हुकूमनामाधारकाने दिले नाही, अथवा ऋणकोने अधिक दिले, तर वॉरंट परत येते आणि त्यावर शेरा असतो, ‘घरास कुलूप आढळले’, ‘ऋणको मिळून आला नाही’. हातउसनी दिलेली पुंजी परत मागणारा निवृत्त शिक्षक, पोटगीच्या थकलेल्या रकमेसाठी खेटे घालणारी परित्यक्ता, स्वतःच्या घराचा कब्जा मागणारा वृद्ध मालक, या सर्वांचे वर्षांचे श्रम त्या चार शब्दांत वाहून जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेला हा धोका ठाऊक होता. बजावणी का झाली नाही याचे कारण बेलिफाने वॉरंटवर लिहावे, आणि असे कारण आले असता न्यायालयाने त्या बेलिफाची चौकशी करावी, जरूर तर साक्षीदार बोलवावेत आणि निष्कर्ष नोंदवावा, अशी स्पष्ट आज्ञा तिच्या आदेश २१, नियम २५ मध्ये आहे. आपल्या इतक्या वर्षांच्या वकिलीत अशी चौकशी आपण कितीदा पाहिली, हे वकीलमंडळींनी स्वतःशीच आठवून पाहावे.

अपराध्यास शिक्षा देण्याची साधने नाहीत असेही नव्हे. ठपक्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा सेवानियमांत आहेत. लाचलुचपत प्रतिबंधक कायदा आहे. सरकारी नोकराने केलेल्या विश्वासघातासाठी भारतीय न्याय संहितेत कठोर शिक्षा आहे. परंतु ही सारी यंत्रणा कोणी तक्रार केली व सापळा लागला तरच हलते. ज्याची दरखास्त त्याच बेलिफाच्या हाती आहे, तो तक्रार कशी करणार? शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ती जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळविले तरच सुटका. त्यामुळे बिचारा पक्षकार देतो आणि गप्प बसतो.

या दृष्टीने फिलिपीन्स देशातील व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तेथे हुकूमनामा बजावणाऱ्या शेरीफाने होणाऱ्या खर्चाचा अंदाज आधी न्यायालयापुढे मांडावा लागतो. न्यायाधीशाने तो मंजूर केला की पक्षकार ती रक्कम कोर्टाच्या कारकुनाकडे भरतो; शेरीफाला ती कारकुनाकडूनच मिळते आणि तिचा हिशेब देऊन उरलेले पैसे परत करावे लागतात. निकालाची पूर्ण बजावणी होईपर्यंत दर तीस दिवसांनी त्याने न्यायालयास अहवाल द्यावयाचा असतो. पक्षकाराने राजीखुशीने दिले, किंवा पैसे खरोखरच कामावर खर्च झाले, ही सबब तेथील सर्वोच्च न्यायालय ऐकून घेत नाही. अशा प्रकरणांत त्याने निलंबनापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा दिलेल्या आहेत. तेथील गैरप्रकार संपले असे आमचे म्हणणे नाही. ते अजूनही उघडकीस येतात. परंतु तेथे लाचेचा हेतू सिद्ध करीत बसावे लागत नाही. ठरलेला मार्ग सोडून पैसे घेतले, एवढेच शिस्तभंगास पुरते. आपल्याकडे नेमके हेच नाही.

बेलिफाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. उन्हातान्हात हिंडणारा, शिव्याशाप आणि प्रसंगी मारही खाणारा हा कनिष्ठ नोकर आहे. जप्तीचे सामान हलविण्यास हमाल लागतात, वाहन लागते. तो खर्च त्याने पदरचा करावा अशी अपेक्षा कोणी करू नये. किंबहुना म्हणूनच हा खर्च न्यायालयाच्या हिशेबात आला पाहिजे. प्रामाणिक बेलिफाला पक्षकारापुढे हात पसरावा लागतो आणि अप्रामाणिकाला त्याच आडोशाने हात मारता येतो, ही व्यवस्था दोघांवरही अन्याय करते.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज न्यायाधीशाच्या सहीने मंजूर व्हावा, रक्कम नाझराकडे पावतीने भरली जावी व तिचा हिशेब दरखास्तीच्या कागदपत्रांत लावला जावा. पक्षकाराकडून परस्पर एक रुपया घेणे हेही, कारण काहीही असो, शिस्तभंग मानले जावे आणि त्याची चौकशी ठराविक मुदतीत संपावी. न बजावता परत आलेल्या प्रत्येक वॉरंटवर नियम २५ प्रमाणे चौकशी व्हावी. ती टाळणाऱ्या न्यायाधीशाकडून जिल्हा न्यायाधीशांनी आणि जिल्हा न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाने जाब घ्यावा. यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. उच्च न्यायालयाने मनावर घेतले तर एका परिपत्रकाने काम भागेल.

केवळ बेलिफाला बडतर्फ करून हा प्रश्न सुटणार नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. त्याच्या शेऱ्यावर डोळे मिटून सही करणारा नाझर, तो शेरा न तपासता पुढची तारीख देणारे न्यायासन आणि ‘रीतच आहे’ म्हणून अशिलाला पाकीट काढावयास लावणारा वकील, हे सर्व त्या अपराधाचे भागीदार आहेत. न्यायाधीशाचे निकालपत्र कितीही विद्वत्ताप्रचुर असले, तरी सामान्य माणसाला न्यायसंस्था भेटते ती दारात वॉरंट घेऊन उभ्या असलेल्या बेलिफाच्या रूपाने. त्या भेटीत त्याने पाकीट उघडले की नाही, यावरच तो न्यायसंस्थेची परीक्षा करणार.