क्वाड बाईकचा कार्ब्युरेटर : पाव फेरीचा हिशेब

मुळशी तालुक्यातील नेरे, मारुंजी, कासारसाई हा पट्टा हिंजवडीच्या शेजारचा. अशा ठिकाणी मातीचा ट्रॅक आखून क्वाड बाईक भाड्याने देण्याचा धंदा कोणी तरुण करू म्हणेल, तर त्याने आधी कार्ब्युरेटर समजून घ्यावा. रविवारी गाडी बंद पडली तर गिऱ्हाईक थांबत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही.

कार्ब्युरेटरचे काम हवा व पेट्रोल मापात मिसळण्याचे. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे पूर्ण ज्वलनाचे माप. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर, काजळलेला प्लग आणि वाया गेलेला पैसा. पेट्रोल कमी झाले तर इंजिन तापते, पिकअप अडखळतो व शेवटी पिस्टन जाम होतो. पहिल्यात तोटा रोजचा, दुसऱ्यात एकदम. कापडाच्या धंद्यात आम्ही गज जपतो, तसे हे माप जपावे.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर धुऊन, वाळवून घ्यावा. मातीत चालणाऱ्या गाडीचा निम्मा दोष तेथेच असतो. मग मोकळ्या हवेत इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे व चोक पूर्ण बंद ठेवावा. इंजिन थांबवून मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत बसवावा. जोर केल्यास त्याचे टोक खराब होते. तेथून तो दीड ते दोन फेऱ्या उघडून इंजिन चालू करावे. नंतर पाव-पाव फेरी फिरवीत जेथे इंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालेल तेथे थांबावे आणि स्लोचा स्क्रू कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापावर आणावा.

स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, उघडल्यास मिश्रण पातळ होते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, उघडल्यास दाट होते. हा स्क्रू फक्त स्लो व थोड्या थ्रॉटलपुरता चालतो. मधल्या थ्रॉटलला सुई, पूर्ण थ्रॉटलला मेन जेट. थोडे पळवून प्लग काढून पाहावा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळा असेल तर दाट, पांढरा असेल तर पातळ.

उंचीचाही विचार हवा. दर १०० मीटर चढाला हवा साधारण १ टक्का विरळ होते. येथे जुळवलेली गाडी पाचगणीला नेल्यास मिश्रण दाट होते. ताम्हिणी घाट उतरून कोकणच्या किनाऱ्यावर नेल्यास पातळ होते, आणि धोका तेथेच आहे.

पेट्रोलही बदलले आहे. देशाने २०२५ साली २० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते. ते ओलावाही शोषते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलची चावी बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करावी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींत बहुतेक फ्युएल इंजेक्शन आले. कार्ब्युरेटर शिकणारी मुले त्यामुळे कमी होणार, पण जुन्या गाड्या व लहान क्वाड अजून चालू आहेत. ज्याच्या हातात हे हुनर आहे आणि जो इमानदारीने पाव फेरी मोजतो, त्याच्या कामात बरकत आहे, असे आम्हाला वाटते.