लवकर उठणाऱ्यांच्या मुलखात

पांढरकवड्याच्या बाजारात किंवा केळापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात 'मले तर तीनलेच जाग येते' असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा काळजी करत नाही, कौतुक करतो. कापसाच्या या पट्ट्यात लवकर उठणारा माणूस म्हणजे कष्टाळू माणूस. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी विदर्भातल्या खेड्यांमध्ये पहाटेचं सामुदायिक ध्यान रुजवलं. कार्तिकात काकडा चालतो. नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत अंघोळ झाली नाही, तर घरातली म्हातारी माणसं अजूनही बोलून दाखवतात. रात्री झोप लागत नसेल तर माणूस औषध मागतो. झोप लवकर मोडते याला मात्र तो तक्रार मानत नाही आणि घरचेही मानत नाहीत. त्यामुळे या जागेमागे एखादं दुखणं असलंच, तर ते बरेच दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही.

पहाटेची प्रत्येक जाग आजारातून येते असं नाही. एकच जाग चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी येते आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो. म्हणून आधी कारण शोधायचं आणि मग उपायाकडे वळायचं.

शरीराचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ

झोपेच्या अभ्यासाला १९८२ मध्ये अलेक्झांडर बोरबेली या शास्त्रज्ञाने एक सोपी चौकट दिली. झोप दोन गोष्टींवर चालते, असं त्याने मांडलं. पहिली झोपेची भूक: आपण जितका वेळ जागे राहू, तितकी ती वाढते. दुसरी मेंदूतलं घड्याळ, जे उजेड-अंधाराच्या खुणांवर साधारण चोवीस तासांची फेरी पूर्ण करतं. रात्रीच्या पहिल्या निम्म्या भागात भूक जोरात असल्यामुळे झोप गाढ लागते. पहाटेपर्यंत ती बरीचशी भागलेली असते आणि पुढची झोप मुख्यतः घड्याळाच्या आधारावर टिकते. तेव्हा झोप विरळ असते, म्हणून बारा वाजता ऐकू न येणारा कुत्र्याचा आवाज चार वाजता कानात घुसतो.

याला गावचा हिशोब लावून पाहू. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते आणि पांढरकवडा त्याच्या जवळजवळ चार अंश पश्चिमेला आहे. म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे सोळा मिनिटं मागे चालतो. जूनमध्ये सूर्य साडेपाचनंतर थोड्याच वेळात उगवतो, तर जानेवारीत सात वाजायला काही मिनिटं असताना. दिवाळीनंतर सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो. गावात सातपर्यंत जेवणं होतात आणि आठ-साडेआठला म्हातारी माणसं अंथरुणात असतात. साडेआठला झोपलेल्या माणसाला साडेतीनला जाग आली, तर त्याची सात तास झोप झालेली असते. त्याला औषधाची गरज नाही. त्याने थोडं उशिरा आडवं व्हावं.

वय वाढतं तसं हे घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळी डोळे लवकर मिटू लागतात आणि पहाटे लवकर उघडतात. काही घराण्यांत ही सवय रक्तातूनच येते. अमेरिकेतल्या अशा एका घराण्याचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये घड्याळाशी संबंधित 'पर-२' या जनुकातला बदल दाखवला. त्या घरातली माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपत आणि पहाटे साडेचारच्या सुमारास उठत. असं घड्याळ मागे ढकलायला संध्याकाळचा उजेड उपयोगी पडतो. दुपार कलल्यावर सूर्य मावळेपर्यंत बाहेर फिरावं, रात्री जेवणानंतर घरात पुरेसा उजेड ठेवून तासभर गप्पा माराव्यात आणि पहाटे जाग आल्यावर लगेच ट्यूबलाइट लावू नये.

उन्हाळा, वीज आणि रानडुक्कर

२०१५ मध्ये जेरोम सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातले हाद्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या विजेशिवाय जगणाऱ्या समाजांची झोप मोजली. माणसं रात्री सरासरी ५.७ ते ७.१ तास झोपत आणि बहुतेक वेळा उजाडायच्या आधी उठत. रात्रीचं तापमान उतरत उतरत तळाला पोचलं, की त्या सुमारास त्यांना जाग येई.

विदर्भाच्या मे महिन्यात मात्र नेमकं उलटं घडतं. दिवसाचा पारा ४४-४५ अंशांवर असतो, भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या राहतात आणि सुखाने झोपता येईल अशी वेळ पहाटे तीननंतर सुरू होते. तेवढ्यात उजेड येतो. अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून झोपणाऱ्याची झोप तर सूर्य उगवण्याआधीच्या अंधुक उजेडानेही मोडते. अशा वेळी डोळ्यांवर दुपट्टा, निजण्यापूर्वी अंगावर पाणी आणि दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटांची डुलकी, इतकं पुरतं. डुलकी दोन तासांवर गेली, तर तिची उधारी रात्री चुकवावी लागते.

काहींची झोप मोडत नाही, ती मोडली जाते. शेतीपंपांची थ्री फेज वीज फेरपाळीने येते आणि पाळी रात्रीची असेल तर पाणी देणारा वावरात उभा असतो. वीज दिवसा मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. जिथे ती खरोखर पोचेल, तिथे शेतकऱ्याची झोपही सुधारेल. दुसरं कारण रानडुकरं आणि रोही. उभं पीक वाचवायला माणसं रात्र रात्र जागलीला जातात. आठवडाभर जागल केल्यावर घरी अंथरुणात पडलेल्या माणसालाही तीन वाजता जाग येते, कारण शरीराने तीच वेळ धरलेली असते.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. वेचणीला किंवा निंदणाला जाणारी बाई साडेचारला उठून भाकरी, पाणी, शेण-झाडलोट आणि मुलांचं आवरून निघते. रात्री भांडी घासून ती सगळ्यांत शेवटी आडवी होते. तिची झोप दोन्हीकडून कापली जाते. निद्रानाश नव्हे, हा झोपेचा तुटवडा आहे. तिला झोपेच्या गोळीचा उपयोग नाही. घरातल्या इतरांनी पहाटेच्या कामाला हात लावला, तरच तिचा तुटवडा भरून निघेल.

खर्रा, चहा आणि मोहाची

या भागात झोपेवर बोलायचं आणि खर्रा वगळायचा, तर बोलणं अर्धवट राहतं. खर्र्यातल्या तंबाखूतलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं आणि दर दोन तासांनी रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण निम्मं होतं. रात्री नऊला शेवटचा खर्रा खाल्ला, तर पहाटेपर्यंत शरीर रितं होतं आणि तलफ उठवते. जाग आल्याबरोबर हात पुडीकडे जात असेल, तर जागेचं कारण शोधायला दूर जायला नको. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला पाच-सहा तास लागतात, म्हणून संध्याकाळचा शेवटचा कप चार-पाचच्या आत घ्यावा.

दारूचं उलटं आहे. मोहाची असो की बाटलीतली, ती झोप पटकन आणते, पण तिचा अंमल ओसरला की उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात. 'घेतल्याशिवाय झोप येत नाही' म्हणणाऱ्याला बहुधा घेतल्यामुळेच तीनला जाग येत असते.

मधुमेह, प्रोस्टेटची वाढ, घोरताना श्वास अडकणं, थायरॉईड आणि संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी हीही कारणं असतात. लघवीला दोन-तीनदा उठावं लागत असेल, तर साखर तपासून घ्यावी.

कर्जाचा हिशोब मांडणारी जाग

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते कारण. माणूस रोजच्या वेळेपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी उठतो, पुन्हा झोपत नाही, सकाळी मन सर्वांत जड असतं आणि संध्याकाळकडे थोडं हलकं होतं. हे नैराश्याच्या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. जोडीला जेवणावरची वासना जाणं, कशात रस न वाटणं, 'माझ्यामुळे घर बुडालं' अशी बोलणी आणि चिडचिड असेल, तर शंका पक्की धरावी.

यवतमाळ जिल्ह्याला शेतकरी आत्महत्यांचं दुःख नवं नाही. जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं, त्या दिवसाची आठवण अजूनही पाळली जाते. अशा घटनांमागे भाव, कर्ज, पाऊस, बोंडअळी अशी अनेक कारणं गुंतलेली असतात आणि ती सगळी डॉक्टरच्या हातातली नाहीत. पण नैराश्यावर उपचार आहे आणि तो गावापर्यंत पोचवता येतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून मानसिक आजारांची ओळख करून दिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाचा 'प्रेरणा प्रकल्प' आहे. त्यात आशाताई घरोघरी विचारपूस करतात आणि जिल्हा रुग्णालयात समुपदेशन मिळतं. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतही आणि विनामूल्य आहे.

मग करायचं काय?

आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस, सलग तीन महिने नको त्या वेळी जाग येत असेल आणि दिवसा थकवा, चिडचिड किंवा विसराळूपणा असेल, तर त्याला निद्रानाश म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की त्यावर पहिला उपाय गोळीचा नसावा, झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याचा असावा. त्यातल्या घरी करता येतील अशा गोष्टी अशा:

अंथरुणातला वेळ कमी करा. खरी झोप सहा तास असेल आणि अंथरुणात साडेआठ तास जात असतील, तर उठण्याची वेळ पक्की ठरवून निजण्याची वेळ पुढे ढकला, म्हणजे रात्री साडेआठऐवजी साडेदहा. पहिला आठवडा जड जातो, मग झोप सलग होऊ लागते. साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका. फिट येणाऱ्यांनी, मनाच्या चढउताराचा आजार असणाऱ्यांनी आणि ट्रक-ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी हे डॉक्टरला विचारूनच करावं.

जाग आल्यावर मोबाईलमध्ये वेळ पाहू नका. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं, तर उठून ओसरीत मंद उजेडात बसा, काहीतरी साधं काम करा आणि डोळे जड झाले की परत या. अशा वेळी बाहेर फेरफटका मारावासा वाटेल. तो मोह टाळावा. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य पांढरकवड्याजवळच पसरलं आहे आणि वाघ अंधारात, अंधुक उजेडात जास्त फिरतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-१ ऊर्फ अवनी वाघीण मारली जाईपर्यंत पहाटे वावरात जायचं की नाही, हा या भागात जिवाचा प्रश्न होता. कापूस वेचणीलाही अंधारात जाण्याची घाई नको. दवाने भिजलेला कापूस ओला भरतो आणि १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला, की सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर तो नाकारला जातो.

हिशोब दिवसाउजेडी करा. संध्याकाळी पाच-सहाला वही घेऊन कुणाचं किती देणं, उद्या कोणाला भेटायचं, पुढचं एक पाऊल कोणतं, हे लिहून वही मिटा. पहाटे तीनला तोच हिशोब मनात सुरू झाला, तर तो वहीत आहे एवढं स्वतःला सांगा. त्या वेळी मेंदूला प्रत्येक आकडा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो.

या दिवाळीत पुण्या-मुंबईहून, नागपूर-हैदराबादहून मुलं घरी येतील. बाबा किती लवकर उठतात याचं कौतुक होईल, ते होऊ द्यावं. त्यानंतर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: उठल्यावर पहिला विचार कसला येतो, दुपारी अंगात जीव असतो का आणि पहिल्यासारखी भूक लागते का. उत्तरं बरी असतील, तर त्यांच्यासोबत पहाटेचा चहा घ्यावा. बरी नसतील, तर सुट्टी संपण्याआधी त्यांना डॉक्टरकडे घेऊन जावं.