कूस कोण बदलणार?

नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर शय्याव्रणांच्या, म्हणजे अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमांच्या, प्रतिबंधाचा दिवस पाळतात. तो आला की पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी, हा सल्ला पुन्हा सगळीकडे छापून येतो. सल्ला खरा आहे. पण कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीतल्या एखाद्या गल्लीत तो पोचला की पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही.

दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा, त्यातल्या चार-पाच ऐन झोपेच्या वेळी. नुसतं वळवून भागत नाही. ओलं झालेलं पुसायचं, अंथरूण सारखं करायचं, कातडी निरखायची, उशा लावायच्या. एका खेपेला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. रोजचे दोन-तीन तास झाले. निपाणीत आणि आसपासच्या खेड्यांत हे काम ज्या सुनेच्या, बायकोच्या किंवा लेकीच्या वाट्याला येतं, ती पुष्कळदा मांडीवर सूप घेऊन घरी विड्या वळणारी असते. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. सासऱ्याची कूस बदलायला ती उठते, तेव्हा त्या मिनिटांचे पैसे तिच्याच मजुरीतून जातात. शय्याव्रणांबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी मांडायला हवा, असं मला वाटतं.

आता शरीराचं. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या साधारण 32 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला मिटू लागतात, असं मानतात. रक्तदाब तपासताना आपण 120 हा आकडा ऐकतो, त्याच मापातला हा आकडा. पाठीवर पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली आणि टाचांखाली दाब याहून कितीतरी जास्त होतो. धडधाकट माणूस झोपेतही नकळत हलतो, म्हणून त्याला काही होत नाही. अर्धांगवायू झालेला, खुब्याचं हाड मोडलेला, कण्याला मार बसून कमरेखाली संवेदना गेलेला माणूस हलू शकत नाही, आणि कधीकधी त्याला दुखतही नाही. रक्त पोचलं नाही की मांस मरतं. पुष्कळदा हे हाडाजवळ आधी सुरू होतं. म्हणून वर रुपयाएवढी जखम दिसते आणि आत मूठ मावेल एवढी पोकळी निघते. घरचे म्हणतात, एका रात्रीत पाठ फुटली. ती कित्येक दिवस आतून फुटत आलेली असते.

हे थांबवता येतं, हे ज्याने जगाला दाखवून दिलं त्या माणसाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो. लुडविग गुटमन हे ब्रेस्लाऊ शहरातले ज्यू डॉक्टर. नाझींच्या छळामुळे 1939 साली ते इंग्लंडला आले. 1944 च्या फेब्रुवारीत तिथल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याला जखमा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला आणि तो त्यांच्या हाती दिला गेला. त्याआधीच्या महायुद्धात असे बहुतेक सैनिक गोळीतून वाचले तरी पुढच्या काही महिन्यांत शय्याव्रणांतून आणि मूत्रमार्गातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने दगावत. डॉक्टरांनीही हे प्राक्तन मानलं होतं. गुटमन यांनी ते मानलं नाही. आजाऱ्यांना प्लास्टरच्या साच्यात जखडून ठेवायची तेव्हाची पद्धत त्यांनी मोडीत काढली आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाला वळवायचं असा दंडक घातला. तो पाळला जातो का, हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात फिरत. पेनिसिलिन नुकतं हाताशी येऊ लागलं होतं आणि त्याची मदत झालीच. पण जखम होऊ दिली नाही ती माणसांच्या हातांनी.

जगलेल्या माणसांनी पुढे करायचं काय, हा प्रश्न मग आला. 29 जुलै 1948 रोजी गुटमन यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून मुरलीकांत पेटकर यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, म्हणजे निपाणीहून कोल्हापूर ओलांडलं की लागणाऱ्या मुलखातले. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात अडकली. ‘चंदू चॅम्पियन’ या सिनेमामुळे ही कथा आता घरोघरी माहीत आहे. सिनेमात पदक दिसतं. मला त्यामागच्या रात्री दिसतात. कण्याला गोळी लागलेला जवान तलावात उतरण्याआधी लष्करी रुग्णालयात महिनोन्‌महिने कोणीतरी त्याच्या पाठीची राखण केलेली असते.

निपाणीच्या जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव, हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव. इथल्या जवानाच्या कण्याला इजा झाली, तर 1974 पासून त्याच्यासाठी पुण्याजवळ खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. इथल्याच एखाद्या गल्लीतला नारळाच्या झाडावरून पडलेला किंवा महामार्गावर मोटारसायकलवरून फेकला गेलेला पोरगा मात्र शस्त्रक्रियेनंतर घरी येतो, तो थेट आईच्या वाकळेवर.

वाकळेचंच घेऊ. ती मऊ असते, पण तिचे जाड टाके आणि पडलेल्या सुरकुत्या नेमक्या हाडाखाली रुततात. तिच्यावर एक गुळगुळीत सुती चादर ताणून घालावी. जुनं लुगडं चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली ठेवलं, तर दोघांना चार कोपरे धरून माणूस उचलता येतो. फरफटत सरकवलं की कातडी एकीकडे आणि आतलं मांस दुसरीकडे ओढलं जातं. ही ओढ दाबाइतकीच वाईट. उशाला चार तक्के लावून रुग्णाला ताठ टेकून बसवतात, तेव्हाही तो हळूहळू खाली घसरतो आणि हेच होतं. जेवणखाण वगळता डोक्याकडची बाजू तीस अंशांपेक्षा वर नको. कुशीवर करताना पूर्ण नव्वद अंशांत वळवलं तर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून नुसतं तिरकं ठेवावं. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी घालावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची जुनी रीत अजून घराघरांत आहे. ती सोडा. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि लाल झालेल्या जागी चोळल्याने आधीच गुदमरलेल्या पेशी फाटतात. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेवर नवा दाब येतो. कातडी तपासताना आणखी एक अडचण असते. पुस्तकं लाली शोधायला सांगतात, आणि आपल्याकडच्या सावळ्या अंगावर ती नीट दिसत नाही. हाताच्या पाठीने चाचपून पाहावं. भोवतालापेक्षा ऊन लागणारी, घट्ट किंवा लिबलिबीत झालेली, जांभळट जागा म्हणजे इशारा. तिथे भार पूर्ण बंद.

खाण्यात मात्र आपल्या भागात काही कमी नाही. तरीही आजाऱ्याला हलकं म्हणून साबुदाण्याची खीर आणि भाताची पेज दिली जाते. पण कातडी तगायला प्रथिनं लागतात. हुलग्याचं माडगं, अंडं, दूध, शेंगदाण्याचं कूट यातलं जे चालेल ते द्यावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून पाणी तोडणं तर सर्रास चालतं. ते साफ चुकीचं.

दोन तासांचा नियम सगळ्यांसाठी दगडावरची रेघ नाही, हेही सांगायला हवं. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 साली आले. दाट फोमची चांगली गादी असेल, तर दोन, तीन की चार तासांनी वळवलं याने जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. ते सगळे वृद्ध रहिवासी होते. कण्याची इजा झालेल्या माणसाला हे तसंच लावू नये, आणि वाकळेला तर नाहीच नाही. पण रात्री चार वेळा उठणाऱ्या सुनेसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. चांगली गादी तिची झोप वाचवू शकते. हवेची गादी घेतली तर पंप विजेवर चालतो हे ध्यानात ठेवावं. वीज गेली की हातांना पर्याय नाही.

मग ही गादी कोणी द्यायची आणि शिकवायचं कोणी? निपाणीचा रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातो, मिरजेला जातो, बेळगावच्या सिव्हिल किंवा केएलई रुग्णालयात जातो. महाराष्ट्राने 2023 साली सीमाभागातल्या 865 गावांना आपली जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा दोन्ही राज्यांत केवढा गदारोळ झाला. त्या योजनेचा भर रुग्णालयातल्या उपचारांवर आहे. कर्नाटकच्या योजनेचाही तोच. खरा धोका घरी आल्यावर सुरू होतो, आणि कोल्हापुरात सुटलेल्या रुग्णाची खबर निपाणीजवळच्या खेड्यातल्या आशाताईला मिळण्याची, रुग्णाच्या हातातल्या इंग्रजी कागदाखेरीज, दुसरी वाट मला तरी दिसलेली नाही. हद्दीवरून दोन राज्यं इतकी वर्षं भांडताहेत. अंथरुणावरच्या माणसासाठी त्यांच्या आरोग्य खात्यांनी एक साधी नोंदवही वाटून घ्यायला काय हरकत आहे?

केरळने हे करून दाखवलंय. 1993 साली कोझिकोडच्या डॉक्टरांनी परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअर) संस्था काढली, 2008 साली राज्याने धोरण केलं, आणि आज तिथल्या पंचायतींच्या परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. गावकरी स्वयंसेवक त्यांच्या सोबत असतात. त्या पाठ पाहतात, मलमपट्टी करतात आणि घरच्या बाईला कसं वळवायचं ते शिकवतात. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. पगारी परिचारिका, एक गाडी आणि ठरलेला वार लागतो.

निपाणीच्या बायकांना मागून घेणं नवं नाही. इथल्या तंबाखू वखारींतल्या कामगार स्त्रियांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटाने 1982 साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. पगार, तास, वागणूक या मागण्यांसाठी त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या लेकीसुना आज घरी म्हाताऱ्यांची पाठ राखताहेत. या तालुक्यासाठी घरोघर जाणारी परिचारिका, दवाखान्यातून उसनी मिळणारी फोमची गादी, आणि सेवेसाठी मोडलेल्या मजुरीचा भत्ता, या तीन गोष्टी त्यांच्या मागणीपत्रात यायला हव्यात. कागद कर्नाटकाकडे जावा आणि महाराष्ट्राकडेही.