कधी चालू, कधी बंद : अधूनमधून सुरू न होणाऱ्या संगणकाचा दोष कसा शोधायचा?



पूर्ण बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं. खरी परीक्षा असते ती अधूनमधून बंद पडणाऱ्या यंत्राची. संगणक सोमवारी सुरू झाला नाही, मंगळवारी झाला, बुधवारी तीनदा बटण दाबल्यावर झाला. मेकॅनिकला बोलावलं की त्याच्यासमोर नेमका व्यवस्थित चालतो! मग अंदाजाने एकेक भाग बदलणं सुरू होतं. आधी रॅम, मग हार्डडिस्क, शेवटी मदरबोर्ड. लोकवर्गणीचे पैसे संपतात आणि दोष तिथेच राहतो. म्हणूनच आज दोष शोधण्याची पद्धत समजून घेऊ.

औद्योगिक संगणक म्हणजे काय?

आपल्यापैकी अनेक पालक एमआयडीसीत काम करतात, त्यांनी हा पाहिलेला असेल. यंत्राशेजारच्या पॅनेलमध्ये बसवलेला, बहुतेक वेळा पंखा नसलेला, जाड धातूचा डबा. धूळ, उष्णता आणि हादरे सहन करत तो रात्रंदिवस चालतो. अनेकदा त्याला २४ व्होल्ट डीसी पुरवठा असतो. आतली रचना मात्र शाळेतल्या संगणकासारखीच असते. त्यामुळे पुढची पद्धत दोन्हीकडे चालते.

सुरू होताना काय घडतं?

बटण दाबल्यापासून चार टप्पे होतात.

१. वीजपुरवठा : पॉवर सप्लाय वेगवेगळे व्होल्टेज तयार करतो आणि ते स्थिर झाले की 'आता सुरू करा' असा इशारा मदरबोर्डला देतो.
२. स्वतःची तपासणी : मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा प्रोग्रॅम रॅम, डिस्प्ले वगैरे तपासतो.
३. डिस्कचा शोध : ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे ते पाहिलं जातं.
४. विंडोज किंवा लिनक्स सुरू होणं.

'चालू होत नाही' या तक्रारीचा उपयोग नाही. कोणत्या टप्प्यावर अडतो? हा खरा प्रश्न. दिवाही लागत नसेल तर पहिला टप्पा. दिवा लागतो पण स्क्रीन काळा, किंवा बीप ऐकू येते, तर बहुधा दुसरा. 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर तिसरा. कंपनीचं चिन्ह दिसतं, विंडोजचं चक्र फिरू लागतं आणि मग अडकतं, तर चौथा. वजाबाकी चुकणाऱ्या मुलाची पायरी आपण पाहतो ना, हातचा घेताना चुकतं की मांडणीत? तसंच हे.

नेहमीचे संशयित

*पॉवर सप्लाय.* सकाळी गार असताना सुरू होत नाही, दोन-तीन प्रयत्नांनंतर होतो आणि मग दिवसभर उत्तम चालतो, तर आधी इथे पाहा. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमजोर होतात. मदरबोर्डवरच्या एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर तेही याच दिशेचं चिन्ह. नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असायला हवी. मोजमाप मात्र संगणक सुरू होत असताना घ्यावं. रिकाम्या अवस्थेत बरोबर दिसणारा आकडा भार आल्यावर कोसळू शकतो.

*सैल जोडण्या.* कारखान्यात हादऱ्यांनी पुरवठ्याच्या तारेचा स्क्रू ढिला होतो. शाळेत टेबल सरकवताना केबल ओढली जाते. रॅमच्या पट्टीवर धूळ आणि ओलावा बसतो, म्हणून पावसाळ्यात तक्रारी वाढल्या तर रॅम काढून, संपर्कपट्ट्या स्वच्छ करून, पुन्हा नीट बसवून पाहा.

*बायोसची बॅटरी.* ही ३ व्होल्टची नाण्यासारखी सेल. ती उतरली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि काही संगणकांत बूटची सेटिंगही पुसली जाते. तारीख चुकीची दिसणं ही तिची खूण. सेल स्वस्त असते, बदलायलाही सोपी.

*विसरलेला पेनड्राइव्ह.* बूटच्या क्रमात यूएसबी आधी असेल तर संगणक पेनड्राइव्हमध्येच ऑपरेटिंग सिस्टिम शोधत बसतो. पेनड्राइव्ह लावलेला असेल त्याच दिवशी हा 'बिघाड' दिसतो!

*डिस्क.* हळू होत जाणं, टकटक आवाज, फाइल न उघडणं ही लक्षणं असतील तर डिस्क थकली आहे असं समजा.

*फास्ट स्टार्टअप.* विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावरही काही माहिती डिस्कवर जपून ठेवली जाते. 'रीस्टार्ट' नेहमी नीट होतो पण शट डाउननंतर अडकतो, असं असेल तर ही सुविधा बंद करून पाहा.

सगळ्यात आधी बॅकअप

संगणक ज्या दिवशी सुरू होईल, त्याच दिवशी निकालपत्रकं, विद्यार्थ्यांची माहिती, फोटो दुसरीकडे कॉपी करा. मदरबोर्ड विकत मिळतो, पाच वर्षांच्या नोंदी मिळत नाहीत.

मग नोंदवही

संगणकाशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवा. रकाने एवढेच : तारीख व वेळ, किती तास बंद होता, कोणत्या टप्प्यावर अडला, काय लावलेलं होतं (पेनड्राइव्ह, प्रिंटर), लाइट कमी-जास्त होती का, आणि काय केल्यावर सुरू झाला. सुरू झालेले दिवसही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? दोन आठवड्यांत बहुधा नमुना दिसू लागतो. 'फक्त सकाळी', 'फक्त पावसात', 'फक्त प्रिंटर जोडल्यावर'. हीच वही मेकॅनिकला दाखवा. त्याच्यासमोर संगणक चालला तरी वही बोलेल.

एका वेळी एकच बदल

रॅम स्वच्छ केली, केबल बदलली, सेलही बदलली आणि संगणक चालला, तर नेमकं कशाने चालला? कळणार नाही. म्हणून एक बदल, मग निरीक्षण. स्वस्त आणि सोपं ते आधी. नवीन भाग घेण्यापूर्वी दुसऱ्या संगणकाचा तसाच भाग लावून पाहता आला तर उत्तम.

'झाला दुरुस्त' कधी म्हणायचं?

समजा तो चारपैकी एकदा अडतो. म्हणजे नीट सुरू होण्याची शक्यता प्रत्येक वेळी ०.७५. काहीच दुरुस्त केलं नाही तरी सलग ५ वेळा सुरू होण्याची शक्यता सुमारे २४ टक्के, सलग १० वेळा सुमारे ६ टक्के आणि सलग १६ वेळा जवळपास १ टक्का. म्हणजे पाच वेळा चालला म्हणून बिल चुकतं करण्याची घाई नको, पंधरा-सोळा वेळा तरी पाहा. जो सकाळीच अडतो, त्याची परीक्षाही सकाळीच घ्या.

काळजी

झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढा. रॅमला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो. मुलांना झाकण उघडू देऊ नका, वही मात्र त्यांच्याकडेच द्या. पाचवी-सहावीची मुलं ती छान लिहितात. निरीक्षण, नोंद, तुलना, अंदाज आणि पडताळा हे विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द त्यांना इथे प्रत्यक्ष वापरायला मिळतात.

तुमच्या शाळेत किंवा घरी असा लहरी संगणक असेल, तर पैसे काढण्याआधी वही काढा.