व्हीएमचा बॅकअप घेताना कोणती पद्धत निवडायची?

आपले जळगाव-धुळ्याकडचे बरेच श्रोते डिप्लोमा किंवा बीटेक करून एमआयडीसीतल्या कंपनीत, पतसंस्थेत, नाहीतर हॉस्पिटलात ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून लागतात. नेटवर्क तोच बघतो, प्रिंटर तोच बघतो आणि सर्व्हरही त्याच्याच गळ्यात. मालक वर्षातून एकदा विचारतो, ‘भो, बॅकअप शे ना?’ आपण ‘हो’ म्हणतो. आजचा भाग त्या ‘हो’बद्दल आहे.

बॅकअपचं सॉफ्टवेअर लावताना ते एक प्रश्न विचारतं: बॅकअप कोणत्या पद्धतीने साठवू? तिथे तीन-चार पर्याय असतात आणि बहुतेक जण जे आधीच निवडलेलं असतं त्यावर ‘नेक्स्ट’ दाबतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा फोनवर विचारला जातो. म्हणून एकदाच नीट सांगतो.

आधी थोडं मुळातलं

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात चालणारे अनेक खोटे सर्व्हर. एकात टॅली, दुसऱ्यात डेटाबेस, तिसऱ्यात फाइली. बाहेरून पाहिलं तर व्हीएमची अख्खी डिस्क ही एक मोठी फाइल असते. बॅकअपवाला आधी तिचा स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या क्षणाची स्थिती गोठवतो, आणि मग निवांत कॉपी करतो. पण स्नॅपशॉट जितका वेळ उघडा, तितका त्या मशीनवर भार. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट: रोज अख्खी डिस्क कॉपी करायची गरज नसते. कालपासून कोणते ब्लॉक बदलले, याची यादी व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स हे सगळेच ठेवतात. बॅकअप तेवढेच ब्लॉक उचलतो. याला इन्क्रिमेंटल म्हणतात.

आता प्रश्न एवढाच उरतो की हे रोजचे तुकडे साठवायचे कसे. यासाठी आपल्या बाजारपेठेतली जुनी वही डोळ्यासमोर आणा. खतावणी म्हणजे फुल बॅकअप. रोजमेळ म्हणजे इन्क्रिमेंटल.

पद्धत पहिली: दर आठवड्याला नवी खतावणी

रविवारी फुल, सोमवार ते शनिवार फक्त बदल. पुढच्या रविवारी पुन्हा नवा फुल. हा फुल दोन प्रकारे बनतो. ॲक्टिव्ह फुलमध्ये सगळा डेटा मूळ सर्व्हरवरून पुन्हा वाचला जातो. सिंथेटिक फुलमध्ये सर्व्हरला हात न लावता, बॅकअपच्या डिस्कवर आधीच असलेले तुकडे जोडून नवा फुल तयार होतो. फायदा असा की एका आठवड्याची साखळी खराब झाली तरी दुसरी शाबूत राहते. तोटा म्हणजे जागा.

पद्धत दुसरी: एकच खतावणी, कायमची

फुल एकदाच. नंतर रोज फक्त बदल. समजा १४ दिवस ठेवायचे ठरले, तर पंधराव्या दिवशी सगळ्यात जुना रोजमेळ खतावणीत मिसळला जातो आणि फुल एक दिवस पुढे सरकतो. इंग्रजीत याला फॉरएव्हर फॉरवर्ड म्हणतात. जागा कमी लागते. पण सगळे १४ दिवस त्या एकाच फुलवर उभे असतात. त्यातला एखादा ब्लॉक डिस्कवर सडला, तर चौदाच्या चौदा दिवसांवर डाग.

पद्धत तिसरी: उलटी

रिव्हर्स इन्क्रिमेंटल. इथे खतावणी रोज आजच्या तारखेपर्यंत आणली जाते, आणि ‘काल इथे काय होतं’ याच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवल्या जातात. ताजा दिवस नेहमी पूर्ण स्वरूपात हाताशी. तो परत आणायला सोपा, टेपवर किंवा बाहेरच्या डिस्कवर न्यायलाही सोपा. पण यात डिस्कला राबावं लागतं: जुना ब्लॉक वाचा, चिठ्ठीत लिहा, मग नवा ब्लॉक जागेवर लिहा. एका ब्लॉकमागे तीन कामं.

आकड्यात बघू

समजा तुमच्या सगळ्या व्हीएम मिळून २ टीबी आहेत, रोज ५ टक्के म्हणजे १०० जीबी बदलतात, आणि १४ दिवस मागे जाता यायला हवं. हिशेब सोपा राहावा म्हणून कॉम्प्रेशन धरत नाही.

आठवड्याचा फुल घेतला, तर जुनी साखळी तेव्हाच पुसता येते जेव्हा तिच्यातला शेवटचा दिवसही १४ दिवसांच्या बाहेर जातो. त्यामुळे एका वेळी तीन फुल आणि अठरा इन्क्रिमेंटलपर्यंत डिस्कवर राहतात: ६ अधिक १.८, म्हणजे ७.८ टीबी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत एक फुल आणि तेरा तुकडे: ३.३ टीबी. निम्म्याहून कमी.

आता वेळ. १०० जीबी म्हणजे १ एमबीचे साधारण १ लाख ब्लॉक. साधी हार्ड डिस्क सरळ रेषेत लिहिताना सेकंदाला १५० एमबी घेते असं धरू. उड्या मारत लिहायचं तर सेकंदाला ६० ब्लॉक. पहिल्या पद्धतीत रोजचं काम ११ मिनिटांत होतं. उलट्या पद्धतीत ३ लाख कामं, म्हणजे जवळपास दीड तास, आणि तेवढा वेळ स्नॅपशॉट उघडा. दुसऱ्या पद्धतीत ११ मिनिटांत स्नॅपशॉट बंद होतो; मिसळण्याचं २ लाख कामांचं ओझं, सुमारे ५५ मिनिटं, नंतर फक्त बॅकअपच्या डिस्कवर पडतं.

म्हणून स्वस्तातल्या दोन डिस्कच्या नॅसवर उलटी पद्धत लावू नका. रात्री सुरू झालेलं काम सकाळी बिलिंग सुरू होईपर्यंत रेंगाळतं.

खान्देशातला खरा प्रश्न: लाइट आणि रॅन्समवेअर

लाइट जाणं आपल्याला नवं नाही. मिसळणं चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली, तर अर्धवट बदललेली फाइल तीच असते जिच्यावर सगळे दिवस उभे आहेत. चांगलं सॉफ्टवेअर यातून सावरायचा प्रयत्न करतं. पण यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते मोजून मगच दुसरी किंवा तिसरी पद्धत निवडा.

प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांसाठी वेगळं. त्याचा बॅकअप सर्व्हर डेटाचे तुकडे करून एकसारखा तुकडा एकदाच ठेवतो, त्यामुळे वरची निवड करावीच लागत नाही. प्रत्येक दिवस फुलसारखा वागतो. मात्र बदललेल्या ब्लॉकची यादी व्हीएम बंद झाली की पुसली जाते. म्हणजे रात्री सर्व्हर बंद करून घरी जायची सवय असेल, तर दुसऱ्या दिवशी अख्खी डिस्क पुन्हा वाचली जाणार. ‘बॅकअप आज एवढा हळू का?’ याचं उत्तर बरेचदा हेच असतं.

आता रॅन्समवेअर. मार्च २०२१ मध्ये खुद्द एमआयडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर असा हल्ला झाला. बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर होता आणि त्याला लागण झाली नाही, असं महामंडळाने सांगितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा दोन आठवडे कागदावर काम चाललं आणि ई-हॉस्पिटलचा डेटा हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत आणला गेला. दोन्हीकडे उपयोगी पडली ती हल्लेखोराच्या हाताबाहेर राहिलेली प्रत.

अशी प्रत मिळवायचा एक मार्ग म्हणजे इम्युटेबल साठवण: ठरलेले दिवस फाइल बदलता येत नाही, पुसता येत नाही, ॲडमिनलाही नाही. आणि इथेच आपल्या निवडीचा निकाल लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत जुनी फुल फाइल रोज बदलावी लागते. कुलूप लावलेली फाइल बदलणार कशी? म्हणून फाइललाच कुलूप लावायचं असेल, तर पहिली पद्धत घ्यावी लागते.

‘पण मग ७.८ टीबी?’ त्यालाही उपाय आहे. लिनक्सची एक्सएफएस आणि विंडोजची रेएफएस या फाइल सिस्टिम एकच ब्लॉक दोन फाइलींना वाटून देऊ शकतात. मग सिंथेटिक फुल म्हणजे नवी कॉपी नसून बहुतांशी जुन्याच ब्लॉककडे बोट दाखवणारी फाइल. आपल्या उदाहरणात जागा ४ टीबीच्या आसपास येते आणि फुल बनायला वेळही थोडकाच लागतो. मात्र वाटून घेतलेला ब्लॉक खराब झाला तर सगळ्याच फुलना लागतो. म्हणून महिन्यातून एकदा ॲक्टिव्ह फुल घ्या.

दुसरी प्रत दुसऱ्या गावात

जळगावची कंपनी असेल तर एक प्रत धुळ्याच्या शाखेत ठेवा, किंवा उलट. ५० एमबीपीएस अपलोडवर रोजचे १०० जीबी साडेचार तासांत जातात. पण २ टीबीचा फुल पाठवायला पावणेचार दिवस लागतील. म्हणून पहिला फुल एन्क्रिप्ट करून हार्ड डिस्कवर घ्या आणि एसटीने घेऊन जा. पुढे फक्त बदल पाठवा. आठवड्याचा सिंथेटिक फुल धुळ्यातच बनू द्या.

थोडक्यात निवड

नवीन सुरुवात करताय: पहिली पद्धत, एक्सएफएस किंवा रेएफएस, इम्युटेबल. जुना छोटा नॅस आहे, जागा नाही: दुसरी पद्धत, चांगला यूपीएस, महिन्याला फाइलींची तपासणी, आणि एक प्रत पूर्ण वेगळी काढून ठेवलेली. ताजा फुल रोज टेपवर न्यायचाय आणि डिस्क वेगवान आहेत: उलटी.

कंपनी कायद्याखाली नोंदलेली संस्था असेल, तर एक गोष्ट मालकाला जरूर सांगा. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असणं हा नियम आहे. खर्च मंजूर करून घ्यायला हे वाक्य कामी येतं.

शेवटचं. पद्धत कोणतीही घ्या, या महिन्यात एक व्हीएम बॅकअपमधून वेगळ्या नेटवर्कवर उभी करून बघा. टॅली उघडते का? कालची शेवटची एंट्री दिसते का? घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग मालकाने ‘बॅकअप शे ना?’ विचारलं, की ‘हो’च्या पुढे तेवढे तास आणि मिनिटंही सांगता येतील.

तुमच्याकडे कोणती पद्धत चालू आहे ते कळवा. भेटू पुढच्या भागात!