जुन्या गाडीचं दुखणं कसं ओळखाल?

दहा-बारा वर्षांची गाडी दारात असणं ही आता मध्यमवर्गीय घरातली नेहमीची गोष्ट झाली आहे. थोरला मुलगा पहिलीत गेला तेव्हा घेतलेली गाडी तो बारावीला पोचला तरी चालूच असते. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, नवी घेण्याइतके पैसे साठलेले नसतात, आणि अब्बांना दवाखान्यात न्यायला, ईदला गावी जायला, लग्नसराईत सगळ्या घराला कोंबून न्यायला तीच लागते. अशी गाडी टिकवणं शहाणपणाचंच आहे. प्रश्न असतो तो दुरुस्तीच्या खर्चाचा. दुखणं कुठे आहे ते कळण्याआधीच एकेक पार्ट बदलत गेलं की तो हाताबाहेर जातो.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने दीड वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या. दोन्ही वेळा तक्रार एकच: सकाळी गाडी सुरू होत नाही. नवी बॅटरी टाकली की काही महिने बरे जायचे, मग पुन्हा धक्का. दुसरी बॅटरीही बसली तेव्हा कुणीतरी इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजलं. दोष अल्टरनेटरमध्ये होता. इंजिन फिरत असताना बॅटरी चार्ज करणारा हा भाग अर्धवट काम करत होता आणि बिचाऱ्या बॅटऱ्या उपाशी मरत होत्या. मोजायला लागलं ते काही शे रुपयांचं मल्टिमीटर आणि पाच मिनिटं.

शाळेत मुलाचं गणित चुकलं तर आम्ही उत्तर खोडून थांबत नाही, कोणत्या पायरीवर चुकलं ते शोधतो. गाडीचंही तसंच करायचं. आपण गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, ‘‘उस्ताद, बॅटरी गेली वाटतं, बघा जरा.’’ निदान आपणच सांगून टाकलं की समोरचा माणूस तेच बदलून देतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याऐवजी लक्षण सांगावं. कधी होतं? थंड इंजिनला की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की पळत्या? वळताना, ब्रेक दाबताना, की खड्ड्यातून जाताना? एवढ्या प्रश्नांची उत्तरं घरून नेली तर मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

सकाळी गाडी सुरू न होणं यापासूनच सुरुवात करू. चावी फिरवल्यावर कान द्या. नुसतं भराभर ‘टकटकटक’ ऐकू आलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिच्या टर्मिनलवर गंज चढला आहे. एकच ‘टक्’ होऊन सगळं शांत झालं आणि हेडलाइट मात्र लख्ख राहिले, तर संशय सेल्फवर जातो. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी बॅटरीला हातही लावू नका. पेट्रोल पोचत नाही किंवा प्लगला ठिणगी मिळत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो १२ वरच रेंगाळला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासायला सांगा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून साफ होते. वायर काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची.

इंजिन गरम होणं हे मात्र घरगुती प्रयोग करत बसण्याचं दुखणं नाही. अनेक जुनी इंजिनं कायमची संपतात ती यानेच, तीही एखाद्या घाटात, गाडी भरलेली असताना. इथे काटा कधी चढतो हे बघणं फार उपयोगी पडतं. सिग्नलला, गर्दीत काटा वर जातो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, तर बहुधा रेडिएटरचा पंखा फिरत नाही. पंख्याची मोटर, रिले किंवा त्याला चालू करणारा सेन्सर यांपैकी काहीतरी गेलं आहे. उलट कसारा किंवा खंबाटकी चढताना, वेगात असतानाच काटा वर जात असेल तर कूलंट कमी आहे, रेडिएटर आतून तुंबला आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा वॉटर पंप थकला आहे. वर्षानुवर्षं बोअरचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतलेल्या गाड्यांत आत थर बसतो. कूलंट महाग वाटतं म्हणून केलेली ही बचत शेवटी रेडिएटर बदलूनच भरावी लागते.

काटा लाल पट्टीकडे निघाला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि जोरात लावा. उन्हाळ्यात हे ऐकून कुणालाही घाम फुटेल, पण हीटर इंजिनातली थोडी उष्णता आत ओढून घेतो आणि बाजूला थांबायला दोन मिनिटं मिळतात. मग इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, मुलांना गाडीपासून दूर आणि रस्त्याच्या सुरक्षित बाजूला बसवा.

कूलंट दर आठवड्याला कमी होतं पण खाली कुठेच गळताना दिसत नाही, असं झालं तर जरा सावध व्हा. ऑइल टाकायचं झाकण उघडून आत बघा. दुधाळ कॉफीसारखा लगदा दिसला, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असला, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी. नुसत्या लहान अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडी फेसाळ ओल थंडीत दिसू शकते. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

धुराचा रंगही बरंच सांगतो. थंडीच्या सकाळी दोन-चार मिनिटं निघणारी पांढरी वाफ स्वाभाविक आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतं. आधी एअर फिल्टर बघा, स्वस्तात सुटाल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळा भपकारा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सिलांवर संशय जातो, आणि चढावर रेस देताना येत राहिला तर पिस्टनच्या रिंगांवर. या दोन कामांच्या खर्चात फार मोठा फरक आहे. म्हणून धूर नेमका कधी येतो ते घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून पाहून घ्यावं.

गळती ओळखायला रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी स्वच्छ पाणी दिसलं तर ते एसीचं, विसरून जा. हिरवट किंवा लाल, चिकटसर असेल तर कूलंट. काळपट तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, बुळबुळीत काही सापडलं तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका. पेट्रोलचा वास आला तरीही तेच. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण आता २० टक्क्यांपर्यंत गेलं आहे, आणि फार जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्या हिशेबाने बनवलेले नाहीत. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या वेळी ‘‘पेट्रोलचे पाइप बघा’’ एवढं आठवणीने सांगावं. एसी चालवल्यावर पुढच्या सीटसमोरची मॅट ओली होत असेल आणि पाण्याला वास नसेल, तर एसीचा निचरा तुंबलाय. वास गोडसर असेल तर हीटरचा आतला रेडिएटर गळतोय.

ब्रेकच्या बाबतीत मी कुणालाही ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू देत नाही. पेडल मऊ, स्पंजसारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली गेली तर आधी टायरची हवा तपासा, मग कॅलिपर. चिरकणारा आवाज पॅड संपत आल्याचा असू शकतो. खरखर ऐकू येऊ लागली की लोखंडाला लोखंड घासतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं, पातळी पूर्ण दिसत असली तरीही. ओलावलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल तळाला जातं. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा.

बाकीचे आवाज झटपट सांगते. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना ‘कटकट’ आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलंय का बघा, वेळीच बूट बदललं तर जॉइंट वाचतो. खड्ड्यात ‘खडक’ वाजलं तर लिंक रॉड किंवा बुश. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरलं तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या. तीच थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क. रेस वाढते पण गाडी पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच.

डॅशबोर्डवर लाल तेलाची बुधली पेटली तर त्याच क्षणी इंजिन बंद. पिवळा इंजिनचा दिवा तितका तातडीचा नसतो. तो लुकलुकत नसेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तिथे स्कॅनर लावतात आणि एक कोड निघतो. तो कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड कुठेतरी फाटलेल्या हवेच्या नळीमुळेही येऊ शकतो. महागडा सेन्सर घेण्याआधी ‘‘वायर आणि नळ्या बघितल्या का?’’ हे विचारायला संकोचू नका.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. त्या सुमारास अनेक घरांत विकायची की ठेवायची याची चर्चा होते, आणि सगळे इंजिनबद्दलच बोलतात. मी आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायला सांगेन. क्लच, रेडिएटर, शॉकर बदलता येतात. किनाऱ्यालगतच्या गावांत, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीची तळाची पट्टी आणि सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तो पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावा. तो आत गेला, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी त्या गाडीत मुलांना बसवू नये.