एकट्या पंखाची परीक्षा

नेहमीच्या विमानात कामांची वाटणी ठरलेली असते: वजन पंखाने उचलायचे, नाक वरखाली होऊ लागले की मागच्या आडव्या शेपटीने ते सावरायचे आणि उभ्या शेपटीने नाक प्रवासाच्या दिशेत सरळ ठेवायचे. ‘फ्लाइंग विंग’ म्हणजे वेगळे धड व शेपूट नसलेले, जवळजवळ निव्वळ पंखाचेच बनलेले विमान. त्यात हवेला घासणारा पृष्ठभाग कमी होतो आणि इंधन वाचते; पण गाळलेल्या अवयवांची कामे मात्र रद्द होत नाहीत, ती सगळी त्या एकट्या पंखाच्या अंगावर येऊन पडतात. हा बोजा पंखाला पेलतो की नाही हे मोकळ्या हवेत उडवून पाहिल्याशिवाय पुरते कळत नाही, आणि म्हणूनच या विमानांच्या इतिहासात जमिनीवरून रेडिओने चालवल्या जाणाऱ्या छोट्या प्रतिकृतींना खेळण्यापेक्षा बरेच मोठे स्थान आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न तोलाचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीला ‘जीवा’ म्हणतात. विमानाचे नाक थोडे उचलले गेले की वाढणारे उत्थापक बल, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, सरासरी जीवेवर पुढून सुमारे पाव अंतरावरील एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. विमानाचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असेल तरच झुळकेने उचललेले नाक आपोआप खाली येते, आणि तो मागे गेला तर तेच नाक अधिकच वर चढत जाते. शेपटीच्या विमानात या अंतराला बरीच सूट मिळते, पण फ्लाइंग विंगमध्ये ते बहुधा जीवेच्या 5 ते 10 टक्क्यांतच बसवावे लागते. म्हणजे 25 सेंटिमीटर जीवेच्या प्रतिकृतीत 5 टक्के धरले तर जेमतेम सव्वा सेंटिमीटर, आणि आतली बॅटरी जराशी सरकली तरी एवढी सूट संपू शकते. पुढच्या वजनाने नाक सतत झुकू नये यासाठी पंखाची मागची कड किंचित वर वळवलेली असते, किंवा पंख मागे झुकवून त्यांची टोके कमी कोनात पिळलेली असतात, जेणेकरून ती टोकेच शेपटीचे काम करतात.

हौशी मंडळी जी फ्लाइंग विंग उडवतात ती बहुतेक वेळा आपटले तरी न मोडणाऱ्या लवचिक फोमची असते आणि तिच्या मागच्या कडेला दोनच हलणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना ‘एलेव्हॉन’ म्हणतात, कारण दोन्ही एकदम वर किंवा खाली गेल्या की नाक वरखाली होते आणि एक वर, एक खाली गेली की विमान कुशीवर वळते. हातातल्या एकाच दांडीच्या या दोन आज्ञांची बेरीज-वजाबाकी ट्रान्समीटर आपोआप करतो. नव्या विमानाची पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून, वाऱ्याच्या तोंडावर, उंच गवतावर हाताने फेकून केली जाते. त्यापुढची परीक्षा अधिक बोलकी असते: सरळ उडणारे विमान पुरेशा उंचीवरून उतरत्या कोनात सोडायचे, दांडी मोकळी करायची आणि पाहत राहायचे. ते चटकन वर उसळले तर गुरुत्वमध्य फार पुढे आहे, कारण नाक सावरण्यासाठी वर ठेवलेल्या पट्ट्या वेगाबरोबर अधिक जोर करतात. ते सावकाश सरळ झाले तर तोल ठीक आहे. आणि सूर आणखी तीव्र होत गेला तर विमान ताबडतोब हाताशी घेऊन उतरवावे, कारण गुरुत्वमध्य मागे सरकलेला आहे.

एलेव्हॉनमध्ये आणखी एक अडचण दडलेली आहे. नाक उचलण्यासाठी त्या वर वळवाव्या लागतात, पण वर वळताच मागच्या कडेवरचे उत्थापक बल घटते, म्हणजे विमान वर जाण्याआधी क्षणभर खालीच दाबले जाते. लांब शेपटी असती तर तरफ मोठी मिळून थोड्या बळात काम भागले असते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या ‘फ्लाइंग-व्ही’ या प्रवासी विमानाच्या संकल्पनेत नेमकी हीच शंका होती. इंग्रजी व्ही अक्षराच्या दोन भुजांत प्रवासी बसवणारी ही कल्पना युस्टुस बेनाड या जर्मन विद्यार्थ्याची, आणि एअरबस ए-350 च्या तुलनेत सुमारे 20 टक्के इंधन वाचेल असा तिचा दावा आहे. 2020 साली जर्मनीतील फासबर्गच्या हवाई तळावर 3.06 मीटर रुंदीच्या आणि 22.5 किलो वजनाच्या प्रतिकृतीने ताशी 80 किलोमीटर वेगाने जमीन सोडली आणि ती सुमारे 5 मिनिटे उडाली. उड्डाणाची शंका फिटली, पण दुसरा दोष उघड झाला: नाक डावी-उजवीकडे फिरणे आणि पंख आळीपाळीने कलणे एकमेकांत मिसळून विमान झुलू लागते, ज्याला ‘डच रोल’ म्हणतात, तो इथे प्रमाणाबाहेर होता आणि त्यामुळे उतरणेही काहीसे आदळत झाले.

अशा प्रतिकृतीवरून मोठ्या विमानाबद्दल बोलायचे तर आकार छोटा करून भागत नाही. लांबी 21 पट लहान केली तर वजन 21 चा घन, म्हणजे सुमारे 9,000 पट कमी असावे लागते आणि वेग 21 च्या वर्गमुळाने, म्हणजे साडेचार पटींहून थोडा अधिक, कमी. या हिशेबाने फासबर्गचे 22.5 किलो म्हणजे प्रत्यक्षातले 200 टनांहून अधिक होतात. काळही त्याच वर्गमुळाने आखडतो, त्यामुळे मोठ्या विमानाला जे झुलायला 9 सेकंद लागतील ते प्रतिकृती 2 सेकंदांत उरकते आणि जमिनीवरच्या वैमानिकाला विचार करायला फुरसत मिळत नाही. एक गोष्ट मात्र कशानेही जुळत नाही: हवेच्या चिकटपणाचा परिणाम छोट्या, संथ पंखावर फार मोठा असतो, म्हणून झुलण्याबद्दल प्रतिकृती जेवढी विश्वासाने बोलते तेवढी इंधनाच्या बचतीबद्दल बोलू शकत नाही. इंधनाचे आकडे वाचताना वाचकाने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

उभ्या शेपटीविना वळण घेण्याच्या प्रश्नाने तर एका जुन्या सिद्धांताला पुन्हा उजेडात आणले. नेहमीच्या पंखात उजवीकडे कलताना डावा पंख अधिक उचलला जातो, पण त्याबरोबर त्याला मागे खेचणारी ओढही वाढते आणि नाक उलट डावीकडे जाते. वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी 1933 साली दाखवले होते की उत्थापक बल टोकांकडे घंटेच्या आकाराप्रमाणे उतरत नेले, तर पंखाच्या सांगाड्यावर तेवढाच भार ठेवून पंखाची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी 22 टक्के वाढवता येते आणि उत्थापनामुळे होणारी ओढ 11 टक्के घटते. जर्मनीतील हॉर्टेन बंधूंनी आपली शेपूटविरहित विमाने याच वाटेने घडवली. कॅलिफोर्नियातील ‘नासा’च्या आर्मस्ट्राँग केंद्रात अल्बियन बोवर्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन असे रेडिओनियंत्रित ग्लायडर बनवले आणि 2013 च्या उड्डाणांत उभी शेपटी नसतानाही नाक वळणाच्याच बाजूला फिरल्याची नोंद झाली, कारण टोकाजवळ ओढीऐवजी पुढे रेटणारे बल निर्माण होते. रुंदी वाढवण्याची मुभा नसेल तर मात्र प्रांटल यांचीच आधीची लंबवर्तुळी मांडणी सरस ठरते, ही अट उत्साहाच्या भरात पुष्कळदा गाळली जाते.

आर्मस्ट्राँग केंद्र ज्या एडवर्ड्स तळावर आहे त्याचे नावही फ्लाइंग विंगच्याच अपघातातून आले: 1948 साली ‘वायबी-49’ हे नॉर्थ्रॉपचे बॉम्बफेकी विमान कोसळून कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी मरण पावले. त्याच तळावरून 2007 ते 2010 या काळात धड आणि पंख एकसंध असलेल्या ‘एक्स-48बी’ या 6.4 मीटर रुंदीच्या प्रतिकृतीने 92 उड्डाणे केली. वेग इतका घटवायचा की पंखाची उचल तुटावी, अशा धोक्याच्या सीमेपर्यंत ती नेली गेली, आणि वैमानिक मात्र नाकातल्या कॅमेऱ्याचे चित्र पाहत जमिनीवरच्या कक्षात बसलेला होता.

भारतात ही वाट कर्नाटकातील चित्रदुर्गच्या चाचणी क्षेत्रावरून जाते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे मानवरहित फ्लाइंग विंग तेथे 1 जुलै 2022 रोजी प्रथम उडाले आणि 15 डिसेंबर 2023 रोजी शेपूटविरहित अंतिम रचनेत पुन्हा उडाले. तेथे दांडी कोणाच्याच हातात नव्हती, उड्डाणापासून उतरण्यापर्यंत तोल सांभाळण्याचे काम विमानातल्या संगणकाकडे होते.